दर माणशी

वडखळच्या नाक्यावर एसटी थांबली तेव्हा सुजयने टॅबलेट पुन्हा उघडला. ती तांबडी ओळ तशीच होती. मघाशी हमरापूरला होती, पेणच्या स्टँडवर होती, आणि आता इथंही होती. 'दर माणशी उत्पादन अपेक्षित मर्यादेपेक्षा कमी. कामगारसंख्या तपासा.' तपासली होती. तीनदा तपासली होती. कान्हू एक, त्याची बायको दिपिका दोन, भाऊ नाथा तीन, पगारी रंगारी दोघे म्हणजे पाच, आणि कान्हूची आई गिरजाबाई सहा. ही सहा माणसं त्याने आज सकाळी गणपतींच्या त्या कारखान्यात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि त्यातल्या सहाव्या माणसाने त्याला कोकम सरबत करून दिलं होतं. वर्षाच्या मूर्ती किती, माती किती, रंग किती, वीज किती, सगळं भरून झालं होतं. उरलेल्या आकड्याला सहाने भागलं की यंत्राचं बिनसत होतं आणि पाचने भागलं की ते खूश होत होतं. पाच करून त्याने एकदा पाहिलं होतं, नुसतं पाहायचं म्हणून, आणि लगेच परत सहा केलं होतं. करताना इकडेतिकडे बघितलं होतं, हे आता आठवून त्याला स्वतःचा राग आला.

सुजय सरकारी नोकर नव्हता, सरकारी कामाचा कंत्राटी माणूस होता. या दोहोंत काय फरक असतो ते दर जूनमध्ये त्याच्या पोटाला कळायचं. देशभरातल्या लहान धंद्यांची पाहणी चालते. पिठाची गिरणी, शिलाईवाली बाई, सलून, गणपतीचा कारखाना. दारोदार जाऊन विचारायचं की काय करता, किती करता, किती माणसं करतात. मग ते सगळं वर जातं, गावाचं तालुक्यात, तालुक्याचं जिल्ह्यात, जिल्ह्याचं दिल्लीत, आणि शेवटी एक आकडा बाहेर पडतो की या देशात एक माणूस किती पिकवतो. बेलापूरच्या प्रशिक्षणात एका बाईंनी मोठ्या पडद्यावर आलेख दाखवून सांगितलं होतं की देशाची कार्यक्षमता तुमच्या बोटांवरून वर जाते. तेव्हा सभागृहातल्या बऱ्याच जणांनी कौतुकाने आपापल्या बोटांकडे पाहिलं होतं. सुजयने पाहिलं नव्हतं. एकोणचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्याच्या बोटांनी एकदा एक आकडा लिहिला होता, आणि तेवढी ओळख त्याला पुरे झाली होती.

गाडीपुढे ट्रक, ट्रकपुढे ट्रेलर, आणि त्यापुढे अलिबागला निघालेल्या मोटारींची रांग. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मे महिन्याची दुपार खिडकीच्या पत्र्यावर अशी तापली होती की हात ठेववत नव्हता. तेवढ्यात हर्षदचा फोन आला. हर्षद त्याचा वरिष्ठ, वयाने अकरा वर्षांनी लहान, बेलापूरच्या थंडगार खोलीत बसणारा आणि सुजयला न चुकता सर म्हणणारा. मुलगा वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. त्याने आधी उन्हाची विचारपूस केली. मग सांगितलं की सुजयच्या एका आस्थापनेपायी अख्खा हमरापूरचा ब्लॉक लटकलाय, आठ वाजता पोर्टल बंद होतंय, आणि पुढच्या वर्षाची कंत्राटं कुणाला द्यायची याची यादी आज ज्यांचं काही बाकी नाही त्यांच्यातूनच निघणार आहे. सुजयने गिरजाबाईचं सांगितलं. हर्षदने शांतपणे ऐकून घेतलं.

"आजी काम करतात का सर, की देवाची सेवा करतात?" त्याने विचारलं. "सेवा असेल तर ती कामगारांत येत नाही. शून्य करा."

"रोज चार तास करते ती."

"बसल्या असतील हो. म्हातारी माणसं बसतात कारखान्यात."

बसल्या असतील. सुजय फोन खिशात टाकून त्या शब्दावरच अडकला. गिरजाबाई बसलेली होती हे खरंच होतं. भिंतीकडे पाठ, डावीकडे खिडकी, मांडीसमोर पाटावर मूर्ती. सत्तरी ओलांडलेली बाई, कपाळावरचं गोंदण सुरकुत्यांत हरवलेलं. मूर्तीला सगळा रंग लागला, सोनेरी झालं, पितांबर झालं की शेवटी डोळे लिहायचे, त्याला तिकडे आखणी म्हणतात. ती आखणी गिरजाबाई करते. घाऊक मालासाठी बाहेरचा आखणीवाला येतो, तो दिवसाला साठ-साठ मूर्तींचे डोळे उरकतो; पण ठरलेल्या घरांच्या मूर्ती, ज्यांची तीन-तीन पिढ्यांची गिऱ्हाइकं आहेत, त्या गिरजाबाईच्या. दिवसाला नऊ, फार तर दहा; रंग घोटणं, कुंचले लावणं, मधली विश्रांती धरून चार तास. आणि ती डोळे लिहायला बसली की कारखान्यात कुणी बोलत नाही, रंगाच्या फवाऱ्याचा कॉम्प्रेसर बंद करतात. सुजय समोर होता तेव्हाही केला. ती घरघर थांबली तशी त्या पत्र्याच्या शेडमध्ये इतकी शांतता झाली की त्याला स्वतःच्या बुटाचा आवाज ऐकू आला. रंगारी हात बांधून उभे राहिले. नाथाने तंबाखू मळायची थांबवली. पाऊण मिनिट गेलं, दीड मिनिट गेलं, आणि म्हातारीचा कुंचला अजून पहिल्या डोळ्याच्या कडेवरच होता. सुजयच्या आत कुठेतरी एक जुनं घड्याळ आपोआप चालू झालं: पाच माणसं रिकामी, चार मिनिटं, म्हणजे वीस मिनिटं, गुणिले दहा मूर्ती. त्याला ते घड्याळ बंद करता येईना. नको असताना तो मोजत राहिला.

नंतर त्याने कान्हूला विचारलं की आईला काही देता का याचं. कान्हूला तो प्रश्नच कळला नाही. त्यांच्या घरात आखणी करणाऱ्या हाताने आखणीचं काही घ्यायचं नाही, त्याच्या आज्यानेही घेतलं नव्हतं. बरं, मग दुसऱ्या कुणाकडून करून घेतली तर? घेता येईल की, कान्हू म्हणाला, न घ्यायला काय झालं, पण आई हाय तवर कशाला. सुजयने फॉर्ममध्ये 'बिनपगारी कुटुंबीय' या रकान्यात एक लिहिलं. म्हातारी ते लांबून बघत होती. निघताना तिने त्याला जवळ बोलावून हळूच विचारलं, "माजा नाव लिवलास ना रे?" फॉर्ममध्ये नावं नसतातच, नुसता आकडा असतो. सुजय म्हणाला, लिहिलं. ती म्हणाली, बरा केलास, आतापरत कुनी नाय लिवला.

गाडी हलली. पन्नास पावलं जाऊन पुन्हा थांबली. शेजारच्या सीटवरचा माणूस रस्त्याच्या कामाला शिव्या घालायला लागला आणि सुजयने मान डोलावून त्याला साथ दिली. सुजय स्वतः या रस्त्यावर दिवसाचे चार तास घालवत होता, त्या तासांचा रकाना कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हता. पण त्याचा खरा राग रस्त्यावर नव्हता, हर्षदवरही नव्हता. एक माणूस आहे की नाही हे आपण ठरवायचं, तेही अंगठ्याने, एसटीत बसून, आणि ते दुसऱ्यांदा ठरवायचं, या गोष्टीने त्याचं डोकं भणभणत होतं. एकदा झालं ते झालं असं म्हणून त्याने तेरा वर्षं काढली होती.

तेरा वर्षांपूर्वी तो रोह्याला, धाटावच्या एका रंगद्रव्याच्या कंपनीत होता. डिप्लोमा करून लागलेला, नवा कोरा, छातीला ओळखपत्र. त्याचं काम घड्याळ लावायचं. कामगार एक काम किती सेकंदांत करतो ते दहा वेळा मोजायचं, सरासरी काढायची आणि त्यावरून खात्यात माणसं किती लागतात ते साहेबाला सांगायचं. पॅकिंग खात्यात नऊ माणसं होती, त्यांतला एक त्याचा बाप दिनानाथ. गडबचा माणूस, शेतातून उठून कंपनीत आलेला, बावीस वर्षं गोण्या भरलेला. नळाला गोणीचं तोंड लावायचं, पंचवीस किलो भरायचे, शिवायचं, उचलून फळीवर रचायचं. घड्याळ लागलं की हात जड करायचा, हे त्या खात्यातलं पहिलं शिक्षण. सगळेच करायचे, आणि साहेबालाही ते माहीत असायचं. खलीलचाचांनी तर ते इतकं सुरेख केलं की सुजयला हसू आवरेना. गोणीचं तोंड दोनदा सुटलं, सुई एकदा अडकली, सत्तर सेकंद. खलीलचाचा म्हणजे बाबांचे जोडीदार, बावीस वर्षं एकाच डब्यातून जेवलेले. त्यांनी बाबांना डोळा मारला, की आता तू.

आणि बाबांनी हात जड केला नाही. ते सकाळी कडक इस्त्रीचा गणवेश घालून आले होते. पॅकिंगला इस्त्री, ज्या खात्यात दहा मिनिटांत माणूस डोक्यापासून पायापर्यंत निळा होतो. पोरगा घड्याळ घेऊन समोर उभा, साहेब त्याच्या बाजूला, आणि बाबांनी जे सुरू केलं ते सुजयने आयुष्यात पाहिलं नव्हतं. गोणी लागली, भरली, शिवली, गेली. लागली, भरली, शिवली, गेली. अठ्ठेचाळीस सेकंद. पुन्हा अठ्ठेचाळीस. दहाच्या दहा. खलीलचाचांचा चेहरा उतरत गेला ते सुजयला दिसत होतं. बाबांच्या मानेवरून निळा घाम ओघळत होता तेही दिसत होतं. ते एकदाही वर बघत नव्हते, पण प्रत्येक गोणी ते त्याला दाखवत होते, यात शंका नव्हती.

त्या कागदावर एक चौकोन असतो. माणूस नेहमीच्या वेगाने करत असेल तर तिथे शंभर लिहायचं. मुद्दाम हळू करत असेल तर कमी, आणि कधी नव्हे इतक्या जोराने करत असेल तर सव्वाशे, दीडशे; म्हणजे पुढे जी वेळ ठरते ती रोजच्या माणसाला झेपेल अशी निघते. खलीलचाचांना त्याने सत्तर दिले. बाबांच्या चौकोनावर पेन्सिल थांबली. सव्वाशे, हे त्याला लख्ख कळत होतं; शाळेतल्या मुलालाही कळलं असतं. पण साहेब बाजूला होता. बापाला झुकतं माप दिलं म्हणेल, असं मनात आलं. आणि आणखी एक गोष्ट होती, ती त्याने नंतर कित्येक वर्षांनी स्वतःशी कबूल केली: त्या क्षणी त्याला बापाचा अभिमान वाटला होता, हा माणूस रोजच असा असणार असं मानावंसं वाटलं होतं. त्याने शंभर लिहिले. साहेबाने बघून मान हलवली. दोन महिन्यांत नवाचे सहा झाले. खलीलचाचा गेले. त्यांचा मुलगा तमीम लवकरच कतारला लागला म्हणून घर सावरलं. ते अजूनही रोह्याच्या बाजारात भेटले की थांबतात, बाबांची तब्येत विचारतात, सुजयची चौकशी करतात, आणि त्यांनी दोन कानफटात मारल्या असत्या तर बरं झालं असतं असं वाटायला लावून निघून जातात. बाबा सहांत राहिले. चार वर्षं त्यांनी त्या अठ्ठेचाळीस सेकंदांनी गोण्या भरल्या, कारण तीच आता सगळ्यांची वेळ होती. मग उजवा खांदा गेला, त्यांनी वेळेआधी निवृत्ती घेतली. पुढे कंपनीने मोजणारं खातंच बंद केलं. वेळ मोजणाऱ्यांचा वेळ कुणीतरी मोजला असावा. बापलेकांत या विषयावर एक अक्षर कधी निघालं नाही. हात वर जात नाही म्हणून बाबांना सदरा घालायला मदत लागायची तेव्हा सुजय बाही धरून उभा राहायचा आणि दोघं पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचे.

गडब मागे पडलं, नागोठणं गेलं. तो रोह्याच्या घरी पोचला तेव्हा सव्वासात झाले होते. अपेक्षा, त्याची बायको, आईकडे गेली होती. बाबा आरामखुर्चीत टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून बघत होते, त्यांची ती सवय होती. सुजयने तोंडावर पाणी मारलं, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि टॅबलेट उघडला. तांबडी ओळ. त्याने कामगारसंख्या सहाच ठेवली. खाली शेऱ्याची जागा असते, दोन ओळी मावतात अशी. तिथे त्याने लिहिलं, 'सहावी व्यक्ती रोज चार तास काम करते. प्रत्यक्ष पाहिले आहे.' आणि पाठवून दिलं. पाठवल्यावर एकदम हलकं वाटलं. कंत्राट गेलं तर गेलं. शिकवण्या घेऊ, अपेक्षाचा पगार आहे, काहीतरी होईल. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा त्याला स्वतःच्या बोटांची लाज वाटली नाही.

हे समाधान बरोबर अकरा मिनिटं टिकलं. साडेसातला हर्षदचा फोन.

"सर, टेन्शन घेऊ नका, मी केलं दुरुस्त," तो म्हणाला. "माझ्या लॉगिनवरून पाच करता येतात. ब्लॉक पास झाला. तुमचं नाव यादीत गेलं."

सुजय म्हणाला की आपण शेरा लिहिला होता. हर्षद म्हणाला, पाहिला की, म्हणून तर केलं, तुम्हाला बरं वाटत नव्हतं हे कळलं मला. वर आणखी सांगितलं की हमरापूरचा ब्लॉक आता दर माणशी उत्पादनात जिल्ह्यात पहिला दिसतोय. सुजयला ओरडायचं होतं, पण ओरडणार कशावर? त्या मुलाने त्याची नोकरी वाचवली होती, त्याची तगमग ओळखली होती, आणि आभाराची वाटही न बघता फोन ठेवला होता. गिरजाबाई पुसली गेली होती आणि कुणी काही वाईट केलं नव्हतं. त्याला विरोध करायलासुद्धा कुणी शिल्लक ठेवलं नव्हतं. तो टेबलाची कडा दोन्ही हातांनी धरून बसला. एवढा राग, आणि त्याला ठेवायला घरात जागा नाही. मग तो उठला, बाहेरच्या खोलीत आला आणि टीव्हीच्या आणि बाबांच्या मध्ये उभा राहिला. तेरा वर्षं जे बोललं गेलं नव्हतं ते त्याच्या तोंडून नीट वाक्यातही आलं नाही.

"बाबा, त्या दिवशी मी तुमचे सव्वाशे लिहायला हवे होते. मी शंभर लिहिले."

कुठला दिवस, काय सव्वाशे, असं बाबांनी विचारलं नाही. सुजय बोलत सुटला: की तुम्ही माझ्यासाठी जोरात केलंत, मला दिसत होतं, मी घाबरलो, माझ्यामुळे खलीलचाचा गेले, माझ्यामुळे तुमचा खांदा गेला. त्याला वाटत होतं की आता बाबा रागावतील, निदान एकदा रागावतील, नाहीतर जाऊ दे म्हणतील. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

"सव्वाशे कशाला?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज थोडा दुखावलेला होता. "माझा हात तसाच चालायचा. रोज. तू मोजलंस म्हणून तुला दिसला. खलील ढिला होता, मी नाय."

"बाबा, रोज कुणीही तसं करू शकत नाही. मी शिकलोय ते."

"तू शिकलास. मी केलंय." ते खुर्चीच्या दांड्याला डावा हात लावून उठले. "सव्वाशे लिवले असतेस म्हंजे काय, बाप एका दिवसापुरता पळाला, असंच ना? उभा राहा तिकडं. घड्याळ बघ."

सुजय नको म्हणाला. बाबांनी ऐकलं नाही. सदुसष्ट वर्षांचा माणूस बनियनवर खोलीच्या मधोमध उभा राहिला, पाय फाकवले, आणि हवेतल्या नळाला हवेतली गोणी लावली. डावा हात बरोबर गेला. उजवा छातीपर्यंत आला आणि थांबला. त्यांनी डाव्या हाताने उजव्याचं कोपर धरलं आणि तो वर नेला. गोणी भरली. शिवायला वाकले, सुई सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली, एकही टाका न गाळता. मग उचलायची आली. ते खाली वाकले आणि तिथेच राहिले. सुजय पुढे झाला तसं त्यांनी मान न उचलता डोळ्यांनीच त्याला मागे सारलं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एक फेरी पूर्ण करून दुसऱ्या फेरीत अर्ध्यावर गेला होता. बाबा उठले, दात आवळून, दोन्ही हातांत पंचवीस किलो नसलेलं ते वजन घेऊन, आणि त्यांनी ते टीपॉयजवळच्या फळीवर रचलं, कोपरा कोपऱ्याला जुळवून.

"किती?" त्यांनी विचारलं. श्वास लागला होता.

काटा तिसऱ्या फेरीत शिरला होता.

"अठ्ठेचाळीस," सुजय म्हणाला.

बाबांनी मान हलवली. चुकत असेल तर सांग, असं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ते खुर्चीत बसले, उजवा हात डाव्याने उचलून मांडीवर नीट ठेवला, आणि बराच वेळ श्वास जागेवर येण्याची वाट बघितली.

"मग?" ते म्हणाले. "बरोबर लिवला होतास तू. आता सरक, बातम्या बघू दे."